अनुभव धागा : बेताच्या खर्चात मुंबई पाहणे

सीनाकाठ

दिवाळीच्या आवराआवरीत वडिलांची १९९४ सालची खिशातली डायरी सापडली. त्या वर्षी मे महिन्यात त्यांनी आम्हा चौघांना सोलापुरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला नेले होते आणि चार दिवसांचा पैन् पैचा हिशेब त्यात बारीक अक्षरात लिहून ठेवला होता. ‘व्हीटी ते गेटवे – पायी’, ‘केळी १ डझन’, ‘मत्स्यालय – ४ तिकिटे’ अशा नोंदी वाचताना तो प्रवास पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला. एका पानावर ‘टॅक्सी’ हा शब्द लिहून खोडला आहे आणि त्याखाली ‘डबल डेकर’ असे लिहिले आहे. त्या बसच्या वरच्या मजल्यावर सर्वांत पुढच्या बाकावर मी आणि धाकटी बहीण बसलो होतो, आणि झाडांच्या फांद्या काचेवर घासून जाताना आम्ही दोघेही डोके खाली घेत होतो. वडिलांनी टॅक्सी का खोडली असेल, हे त्या वयात मनातही आले नव्हते.

त्या यादीतले तारापोरवाला मत्स्यालय आता बंद आहे. वडीलही नाहीत. येत्या जानेवारीत आईला (वय ७२), पत्नीला आणि दोन मुलांना घेऊन चार दिवस मुंबईला जाण्याचे ठरवत आहे. कर्ज न काढता आणि कोणालाही अवघडल्यासारखे न वाटता हा प्रवास व्हावा, एवढीच इच्छा आहे. आपण बाहेरगावाहून मुंबई पाहायला गेला असाल, तर काय जमले आणि काय फसले, ते कृपया सविस्तर लिहावे.

वैनगंगा

सोमवार टाळावा. आम्ही विदर्भ एक्सप्रेसने नेमके सोमवारी सकाळी पोहोचलो आणि नाश्ता करून थेट गेटवेला गेलो, तेव्हा घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात हे तिथे कळले. मग बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान पाहू म्हटले, तर तेही सोमवारी बंद. नेहरू तारांगणही त्या दिवशी बंद असते. मुले हिरमुसली आणि आमचा एक अख्खा दिवस, म्हणजेच एका दिवसाचे खोलीभाडे, वाया गेले. ज्यांच्याकडे मोजकेच दिवस असतात, त्यांचे खरे नुकसान वारांच्या अशा घोटाळ्यात होते.

सोमवारी करण्यासारखे पुष्कळ आहे, हे दुपारनंतर लक्षात आले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आठवड्याचे सर्व दिवस उघडे असते. जॉर्ज विटेट यांनी गेटवेचाही आराखडा केला आणि या संग्रहालयाच्या घुमटाचाही, हे मुलांना आधी सांगितले, तर दोन्ही वास्तूंमधले साम्य शोधण्यात त्यांचा वेळ छान जातो. घारापुरीला आम्ही बुधवारी गेलो. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही आणि मोठ्यांना ४० रुपये पडतात. लाँचचे भाडे मात्र वेगळे असते आणि तेच जास्त असते. तासाभराचा प्रवास आहे. त्या अंधाऱ्या मंडपात डोळे स्थिरावल्यावर तीन मुखांचा सदाशिव हळूहळू दिसू लागतो, तो क्षण मुलांना घाईने पुढे न ओढता मिळू द्यावा.

येण्याजाण्याचे रेल्वेभाडे सोडून आम्हा चौघांचे तीन दिवसांचे राहणे, खाणे आणि फिरणे मिळून नऊ हजारांच्या आत झाले.

जास्वंदी

वैनगंगा यांनी सोमवारचे सांगितले, मी बुधवारचे सांगते. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. प्रौढांना ५० रुपये, मुलांना २५ रुपये आणि आई-वडील व दोन मुले अशा कुटुंबाला मिळून १०० रुपये, असा दर आम्ही गेलो तेव्हा होता. पेंग्विन पाहायला रांग लागते, म्हणून सकाळी बाग उघडताच आधी तिकडे जावे आणि मग निवांत झाडे पाहावीत. माझ्या सासूबाईंना प्राण्यांपेक्षा तिथले जुने वृक्षच अधिक आवडले. बुंध्यावरच्या पाट्या वाचत त्यांनी दीड तास घालवला.

आम्ही चिपळूणहून पाच जणी एसटीने गेलो होतो. महिलांना एसटीत निम्मे भाडे लागते आणि ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, त्यामुळे आमचा जाण्यायेण्याचा खर्च फारच थोडा झाला. आपल्या आईंचे वय ७२ आहे, म्हणजे मोफत नाही, परंतु अर्ध्या तिकिटाचा लाभ त्यांना आणि वहिनींना मिळेलच. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ घ्यावा. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस सहज टिकतात आणि पहिल्या दिवशी उपाहारगृह शोधत फिरावे लागत नाही.

डोंबिवलीकर

मी रोज लोकलने बोरीबंदरला, म्हणजे व्हीटीला (आताचे सीएसएमटी) जातो, म्हणून गाडीविषयी लिहितो. पाहुण्यांना लोकलची भीती वाटते ती गर्दीमुळे, आणि गर्दीला दिशा असते. सकाळी साधारण आठ ते अकरा या वेळात ती दक्षिणेकडे, म्हणजे बोरीबंदर आणि चर्चगेटकडे असते, आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळात उलट दिशेने. आपण दादरला किंवा त्याच्या दक्षिणेला उतरला असाल, तर कान्हेरी लेण्यांसाठी बोरिवलीला सकाळी निघावे, कारण त्या वेळी आपण गर्दीच्या विरुद्ध चाललेले असता. दुपारी चारच्या आत परत फिरावे. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या फलाटावर वृद्ध आईला आणि मुलांना घेऊन जलद गाडीत चढण्याचा प्रयत्न कृपया करू नये. तशी वेळ आलीच, तर धिमी गाडी पकडावी किंवा फलाटावरच्या बाकावर तासभर बसून राहावे.

रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर बहुधा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास रूळ बंद ठेवणे, असतो. रविवार सुट्टीचा म्हणून लांबची ठिकाणे त्याच दिवशी ठेवली जातात आणि गाड्या मात्र कमी असतात; म्हणून रविवारी पायी फिरण्याची ठिकाणे ठेवावीत. लोकलचे सर्वांत कमी तिकीट पाच रुपये आहे. दिवसातून अनेकदा चढउतार करायची असेल, तर एक, तीन किंवा पाच दिवसांचे पर्यटक तिकीट खिडकीवर मागावे. ते पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवर चालते. बेस्टचे किमान भाडे मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये झाले आहे. रिक्षा वांद्रे आणि शीव यांच्या पुढे दक्षिणेला येत नाही, तिथून पुढे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बस हेच पर्याय आहेत. पाच जण असल्यास एक टॅक्सी पुरणार नाही, हेही हिशेबात धरावे.

माणदेश

राहण्याच्या जागेविषयी माझा अनुभव कटू आहे, तरीही लिहितो, कारण दुसऱ्या कोणावर तशी वेळ येऊ नये. एका लॉजची छायाचित्रे फोनवर पाहून मी दोन दिवसांचे पूर्ण पैसे आगाऊ पाठवले. रात्री अकरा वाजता पोहोचलो, तेव्हा दाखवलेली खोली छायाचित्रातली नव्हती. खिडकी नाही, भिंतीला ओल, आणि न्हाणीघर बाहेर सामाईक. पैसे परत मिळाले नाहीत. पत्नी काही बोलली नाही, पण तिने रात्रभर लहान मुलीला स्वतःच्या साडीवर झोपवले, हे मी विसरू शकत नाही.

दुसऱ्या वेळी गेलो, तेव्हा गाडी सकाळी पोहोचेल अशीच निवडली, सामान स्थानकाच्या सामानघरात ठेवले आणि दादरला तीन ठिकाणी खोल्या प्रत्यक्ष पाहून मगच पैसे दिले. सामानघरात कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, त्यामुळे लहान कुलुपे घरूनच न्यावीत. खोली घेताना दिवस कसा मोजतात हे आधी विचारावे. काही ठिकाणी खोली घेतल्यापासून २४ तास मोजतात, तर काही ठिकाणी दुपारी बारालाच खोली सोडावी लागते, आणि सकाळी सातला आलेल्या माणसाला या फरकापायी एका दिवसाचे जादा भाडे पडू शकते. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे ओळखपत्र मागतात.

जास्वंदी

माणदेश, वाचून फार वाईट वाटले. रात्री उशिरा, मूल बरोबर असताना, माणूस भांडूही शकत नाही. आपण पुन्हा गेलात आणि मुलीला मुंबई दाखवलीत, याचा आनंद वाटला.

नीरेकाठी

माझे म्हणणे राहण्याविषयीच आहे, पण थोडे वेगळे. स्वस्त जागा शोधताना अनेक जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचे नाव सुचवतात. आम्ही तिथे राहिलो आहोत, परंतु पर्यटक म्हणून नव्हे. माझ्या वडिलांवर टाटा रुग्णालयात उपचार चालू होते. ती जागा बाहेरगावाहून येणाऱ्या कर्करुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी आहे, आणि तिथल्या एकेका खाटेची वाट पाहणारे लोक मी पाहिले आहेत. म्हणून फिरायला जाणाऱ्यांनी तिथे विचारणाही करू नये, अशी कळकळीची विनंती आहे. त्याऐवजी रेल्वेची विश्रामगृहे पाहावीत. काही मोठ्या स्थानकांवर ती असतात आणि निश्चित आरक्षण असलेल्या प्रवाशाला तिकिटावरच्या पीएनआर क्रमांकावर आगाऊ नोंदवता येतात. जागा थोड्या असतात, त्यामुळे रेल्वेचे तिकीट हाती आल्याबरोबर तेही काम उरकावे.

वडिलांच्या उपचारांच्या मधल्या एका मोकळ्या दिवशी आम्ही दोघे दादर चौपाटीवर जाऊन बसलो होतो. त्यांनी पाहिलेली मुंबई तेवढीच.

सीनाकाठ

नीरेकाठी, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. माझ्या एका नातेवाइकाने मला तीच धर्मशाळा सुचवली होती. आता तो विचार पूर्णपणे सोडला आहे.

वैनगंगा, घारापुरीला पायऱ्या किती आहेत? आईचे गुडघे दुखतात, पण ‘मागच्या वेळी पैसे पुरले नाहीत म्हणून राहिले’ असे म्हणून ती त्याच ठिकाणाचा आग्रह धरते आहे.

वैनगंगा

साधारण १२० पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकाने आहेत आणि अधूनमधून टेकायला जागा मिळते. ज्यांना चढणे शक्य नाही, त्यांच्यासाठी डोली मिळते. दर बसण्यापूर्वीच, जाण्याचा आणि येण्याचा मिळून ठरवावा. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी आगगाडी आहे, तिचा लाभ आईंना अवश्य द्यावा. सकाळची पहिली लाँच घेतली, तर उन्हाच्या आत चढून होते. माकडे फार आहेत, खाण्याची पिशवी हातात धरू नये.

तिलारी

आम्ही दोडामार्गचे, त्यामुळे समुद्र आम्हाला नवा नाही. तरीही बाणगंगा पाहून मी थक्क झालो. वाळकेश्वरला समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर असताना त्या तलावाचे पाणी गोडे आहे. दगडी पायऱ्यांवर बसलो होतो, बदके पायाशी येत होती, एका घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि मान वर केली की उंच इमारती. एक पैसा न देता आम्ही तिथे दोन तास होतो. तिथून कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट जवळ आहे.

हाजी अलीला जाण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहावी, कारण भरतीला दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते. आम्हाला सव्वा तास थांबावे लागले, तेवढ्यात महालक्ष्मीचे दर्शन उरकले.

डोंबिवलीकरांनी रविवारी पायी फिरायला सांगितले आहे, त्यासाठी एक वाट सुचवतो. बोरीबंदरची इमारत समोरच्या पदपथावरून पाहावी. तिचे काम १८७८ ते १८८८ असे दहा वर्षे चालले होते आणि तिच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह, तर दुसऱ्यावर वाघ आहे. मुलांना ते शोधायला सांगावे. तिथून चालत हुतात्मा चौक, मग १८३३ साली पूर्ण झालेल्या टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या, तिथे थोडे बसणे, आणि पुढे गेटवे. आपल्या वडिलांनी ‘व्हीटी ते गेटवे – पायी’ लिहिले आहे, ते याच भागातून चालले असावेत. आईंना मध्ये दोनदा बसवले, तर दोन तास धरावेत.

डोंबिवलीकर

सीनाकाठ, जुन्या डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, त्या दिवशी लोक हार घेऊन आले होते. मात्र विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित दुमजली बस आल्या आहेत आणि त्यांची सुरुवात ११५ क्रमांकाच्या मार्गावर, बोरीबंदरहून नरिमन पॉइंटकडे जाणाऱ्या बसने झाली. निघण्यापूर्वी तिच्या वेळा पाहाव्यात. काचा बंद असतात, त्यामुळे फांद्या तशा अंगावर येत नाहीत, पण वरून रस्ता तसाच दिसतो. मुलांना पुढचा बाक हवा असेल, तर बोरीबंदरच्या सुरुवातीच्या थांब्यावरच चढावे. मधल्या थांब्यावर तो रिकामा मिळत नाही.