पोलीस भरतीच्या सरावानंतर पहिली हाफ मॅरेथॉन : तयारी कशी करावी?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार. मी घरची कापूस-तुरीची शेती पाहतो. पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव केलेला असल्यामुळे धावणे नवीन नाही. परंतु जानेवारीच्या अखेरीस २१ किलोमीटर धावायचे मनात घेतल्यापासून अडचण अशी येते की, चौथ्या-पाचव्या किलोमीटरलाच दम भरतो आणि डांबरी रस्त्यावर सलग काही दिवस धावल्यास नडगी ठणकू लागते. सोयाबीन नुकतेच निघाले आहे, दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात सुरू होईल. गावात प्रशिक्षक नाही. शेतातल्या कामाला व्यायामात धरावे का, आणि आठवड्यात किती धावावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (शारीरिक शिक्षण शिक्षक, वर्धा जिल्हा)

भाऊ, आपल्याकडची भरतीची पोरे लांब अंतराला वळली की हाच प्रश्न घेऊन येतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा वेग हेच असते. १६०० मीटर काही मिनिटांत संपते, त्यामुळे तिथे छाती फुटेपर्यंत पळणे चालून जाते, २१.०९७५ किलोमीटरला शरीराने प्राणवायूवर शांतपणे, तासन्‌तास काम करणे आवश्यक असते, आणि ही क्षमता सावकाश धावण्यानेच वाढते. सोबत कोणी असेल तर त्याच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, एवढाच वेग ठेवा. सुरुवातीला तो तुम्हाला लाजिरवाणा वाटेल, तरीही ठेवा. किलोमीटरला ७ मिनिटे ही गती शेवटपर्यंत टिकली, तर अंतर सुमारे २ तास २८ मिनिटांत पूर्ण होते आणि पहिल्या वेळेला ते अतिशय चांगले आहे.

ऑक्टोबरच्या मध्यापासून धरले तर हाती साधारण १४ आठवडे आहेत. आठवड्यातून चारच दिवस धावा : तीन दिवस ५-६ किलोमीटर आणि एक दिवस लांब पल्ला. हा पल्ला ७ पासून सुरू करून दर आठवड्याला एक-दीड किलोमीटरने वाढवा, दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात १७-१८ पर्यंत न्या; त्यानंतर अंतर उतरवत आणा. दम लवकर वाढतो, हाडे आणि स्नायुबंध मात्र मागे राहतात. तुमची नडगी त्यामुळेच दुखते. निम्मे धावणे मुरूम टाकलेल्या पांदण रस्त्यावर करा, मात्र काळ्या मातीच्या भेगाळलेल्या धुऱ्यावर करू नका, तिथे घोटा मुरगळतो.

वेचणीने कंबर आणि मांड्या थकतात, म्हणून तिला सरावात न धरता थकव्यात धरावे. वेचणीच्या दिवशी धावायचेच असेल तर पहाटे, आणि थोडेच.

उत्तर २ (परिचारिका, ग्रामीण आरोग्य केंद्र, गडचिरोली जिल्हा)

वरील सल्ल्यात एक गोष्ट मला आग्रहाने जोडायची आहे. विदर्भात सिकलसेलचे (रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) वाहक, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच तो दोष आलेले लोक, पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकांना आपण वाहक असल्याची कल्पनाही नसते, कारण रोजच्या जगण्यात त्यांना काहीच त्रास होत नाही. मात्र उन्हात, पाणी कमी पडलेले असताना, सवय नसताना एकदम जोर लावला, तर वाहकांचे स्नायू गंभीररीत्या खराब होऊ शकतात. आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलसाठीची रक्ताची प्राथमिक चाचणी) करून घ्या. ती सकारात्मक आली तर पुढची खात्रीची तपासणी होते. वाहक असलात तरी धावता येते, फक्त अंतर हळूहळू वाढवावे, पाणी पुरेसे घ्यावे आणि पाय अचानक दुबळे पडून दुखू लागल्यास तिथेच थांबून उपचार घ्यावेत.

तासापेक्षा जास्त धावणार असाल तर नुसते पाणी ढोसू नका, रक्तातले मीठ त्याने कमी होऊ शकते. १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी घोट घोट घ्यावे. नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता असते. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेऊन धावणे धोक्याचे आहे.

उत्तर ३ (ब्रह्मपुरी तालुका, चंद्रपूर)

दादा, पहाटे म्हणजे अंधारात असे कृपया समजू नका. आमच्याकडे वाघाचा वावर असल्यामुळे मी उजाडल्यावरच निघते, आणि लांब पल्ला शाळेच्या मैदानाच्या फेऱ्या मारूनच पूर्ण करते. त्याचा कंटाळा येतो, पण पाणी, केळी आणि गुळाचा खडा एका झाडाखाली ठेवता येतो आणि पोटाला काय सोसते ते आधीच कळते. तुमच्याकडे वाघ नसला तरी रानडुकरे असतील, आणि वेचणीच्या दिवसांत कापसाने भरलेल्या ट्रॉल्या अंधारातच निघतात. त्यांच्या मागे दिवा असेलच असे नाही. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी चाचणी करून घेतो. आणखी एक शंका आहे : आमच्या कृषिपंपाला काही आठवडे रात्रीची लाईन असते आणि हरभऱ्याच्या ओलितासाठी जागावे लागते. त्या आठवड्यात लांब पल्ला कसा बसवावा?

उत्तर १ (पुन्हा)

जागरणाच्या दुसऱ्या दिवशी लांब पल्ला धावूच नका. दुपारी झोप काढा आणि तो दोन दिवस पुढे ढकला. सगळा आठवडाच रात्रपाळीचा असेल तर तोच अंतर कमी करण्याचा आठवडा धरा. लाईनचे वेळापत्रक आधी कळत असेल, तर चौदाही आठवडे त्यानुसार आताच कागदावर मांडून घ्या.