शाकाला ‘वीस लाखांचा खुनी’ म्हणणं आता थांबवायला हवं

गोदाकाठ

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंबद्दल मराठीत काही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात तेच वाक्य येतं: त्यांचा राजा शाका यानं दहा ते वीस लाख माणसं मारली. मीही ते वर्षानुवर्षं खरं मानत होतो. आता मला ते सरळ अन्यायाचं वाटतं.

शाका गादीवर आला 1816 च्या सुमारास. 22 सप्टेंबर 1828 ला सावत्र भाऊ डिंगाने आणि म्हलांगाना यांनी त्याला मारलं. म्हणजे कारकीर्द जेमतेम बारा वर्षांची. तिथे ना जनगणना होती, ना कुणाकडे मोजदाद. गोरे व्यापारी पोर्ट नाताळला, म्हणजे आजच्या डर्बनला, उतरले तेच 1824 मध्ये. तेव्हा हा आकडा मोजला कुणी?

आपल्याकडे पोचलेला शाका बराचसा दोन व्यापाऱ्यांनी रंगवलेला आहे: नॅथॅनियल आयझॅक्स आणि हेन्री फ्रान्सिस फिन. 1832 मध्ये आयझॅक्सनं फिनला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. तुझ्या पुस्तकात शाका आणि डिंगाने यांना जमेल तितकं रक्तपिपासू दाखव, किती माणसं मारली त्याचा अंदाज दे, पुस्तक रंजक होईल, असा त्यात सल्ला आहे. पुढे दीडशे वर्षं तोच शाका शाळेत शिकवला गेला.

याचा फायदा कुणाला झाला तेही बघा. शाकाच्या लढायांनी, ज्यांना ‘म्फेकाने’ म्हणतात, सगळा मुलूख ओस पाडला, मग आम्ही आलो आणि मोकळी जमीन घेतली, असं गोऱ्या वसाहतवाल्यांना म्हणता आलं. 1913 च्या जमीन कायद्यानं काळ्या बहुसंख्याकांना देशातली सुमारे 7 टक्के जमीन ठेवली, त्यामागे हीच गोष्ट उभी होती. ज्युलियन कॉबिंग या इतिहासकारानं 1988 मध्ये हे उघडपणे मांडलं. माझं म्हणणं एवढंच, की पुरावा नसलेला आकडा छापणं बंद करा.

सह्यकडा

आकड्याबद्दल मान्य, बाकीच्याला विरोध. आकडा खोटा ठरला म्हणून मार खोटा ठरत नाही.

कॉबिंगचं नाव घेतलंत, तर त्याला मिळालेली उत्तरंही सांगायला हवीत. आजच्या मोझांबिकमधल्या डेलागोआच्या उपसागरातला गुलामांचा व्यापार आणि वसाहतीतल्या मजुरांच्या धाडी हे उलथापालथीचं मूळ कारण, असं त्याचं म्हणणं. पण तो व्यापार जोरात आला 1823 नंतर, आणि शेजारच्या झ्विडे राजाच्या न्द्वांद्वे लोकांशी शाकाच्या मुख्य लढाया त्याआधीच होऊन गेल्या होत्या. हे एलिझाबेथ एल्ड्रेज यांनी दाखवून दिलं.

दुसरं म्हणजे साक्षी फक्त गोऱ्या व्यापाऱ्यांच्याच नाहीत. जेम्स स्टुअर्ट हा नाताळ सरकारचा अधिकारी. त्यानं 1897 ते 1922 या काळात सुमारे 200 लोकांना बसवून त्यांच्या बापजाद्यांच्या आठवणी लिहून घेतल्या, बऱ्याचशा झुलू भाषेतच. तो वसाहतीचा माणूस होता हे खरंच. पण बोलणारी माणसं तिथलीच होती. त्यांच्या बोलण्यात शाकाचं कौतुक आहे तशी धास्तीही आहे, आणि ती धास्ती आयझॅक्सनं शिकवलेली नव्हे.

आणि पळून गेलेल्यांचं काय करणार? म्झिलिकाझी नावाचा सरदार आपली माणसं घेऊन निघाला तो अखेर आजच्या झिम्बाब्वेत स्थिरावला. सोशांगाने मोझांबिककडे गेला. झ्वांगेंडाबाची माणसं पार टांझानियापर्यंत पोचली. गुरंढोरं, म्हातारी माणसं, तान्ही पोरं घेऊन कुणी हौसेनं हजार कोस चालत नाही.

राज्य उभं करायला एवढा धाक लागतोच असंही नाही. त्याच काळात मोश्वेश्वे राजानं आजच्या लेसोथोतल्या थाबा बोसिऊच्या डोंगरावर निराश्रितांना आसरा देत, वापरायला गुरं देत बासुथो लोक एकत्र केले. नायक निवडायचा तर मी त्याला निवडेन.

गोदाकाठ

मोश्वेश्वेबद्दल शंभर टक्के सहमत. पण एका माणसाच्या डोक्यावर सगळं ठेवू नका. शाकाच्या आधीच डिंगिस्वायोचे म्थेत्वा आणि झ्विडेचे न्द्वांद्वे एकमेकांशी भिडत होते. हस्तिदंताच्या व्यापारावरून चढाओढ होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘मादलाथुले’ नावाचा दुष्काळ पडला होता. ज्याच्याकडे खायला आहे त्यानं गुपचूप खावं, असा त्या नावाचा भाव. समवयस्क तरुणांच्या पलटणी, म्हणजे अमाबुथो, हीसुद्धा शाकानं शून्यातून काढलेली गोष्ट नाही. त्यानं ती कडक केली. राजानं परवानगी दिल्याशिवाय पलटणीतल्या माणसाचं लग्न होत नसे. तेच तरुण राजाची गुरं राखत, शेतं कसत. त्यांना नुसतं ‘सैन्य’ म्हटलं की अर्धी गोष्ट निसटते.

डर्बनवासी

मी अकरा वर्षं डर्बनमध्ये राहतेय. ग्रंथांवर वाद घालण्याइतका अभ्यास नाही, पण रोज कानावर पडणारी एक गोष्ट सांगते.

आमच्या कामाच्या ठिकाणी न्क्सुमालो आडनावाचे एक वयस्कर गृहस्थ होते. सकाळी आले की लोक त्यांना आडनावानं नव्हे तर ‘झ्विडे!’ म्हणून हाक मारायचे. आदर दाखवायचा तर कुळाच्या पूर्वजाचं नाव घ्यायचं, ही इथली रीत. त्याला इझिथाकाझेलो म्हणतात. म्थेत्वा असेल तर ‘न्याम्बोसे’, म्खिझे असेल तर ‘खाबाझेला’. आणि झ्विडे म्हणजे शाकाचा हाडवैरी! मी एकदा त्यांना विचारलंच. ते म्हणाले, मी झुलूच आहे, आणि झ्विडेचा आहे. दोन्ही एका दमात, आवाज न चढवता.

म्हणून मला वाटतं, शाकानं सगळ्यांना चिरडून एकसारखं केलं हे पूर्ण खरं नाही. हरलेल्यांची नावं दोनशे वर्षांनंतर रोजच्या रामरामात आहेत.

शाकाची प्रतिमा कशी असावी यावर इथलेही लोक भांडतात, ही झुलू विरुद्ध परके अशी सरळ बाजू नाही. 2010 मध्ये त्याच्या नावाचा नवा विमानतळ सुरू झाला. तिथल्या पुतळ्यात तो गुरांसोबत होता, हातात भाला नव्हता. राजघराण्यानं हरकत घेतली, हा तर गुराखी दिसतो, आणि पुतळा काही आठवड्यांत हलवला. मला तो गुरांमधला शाकाच जवळचा वाटला होता. इथल्या राजांचं वैभव गुरांत होतं. पांढऱ्याशुभ्र राजखिल्लारांना स्वतंत्र नाव होतं: इन्योनी-कायिफुमुली, न विसावणारा पक्षी.

सह्यकडा

ताई, तुमच्या न्क्सुमालोंची गोष्ट मनाला भिडली. पण मला तीच उलटीही वाचता येते. जिंकणाऱ्यानं सगळं घेतलं तेव्हा हरलेल्यांनी निदान नाव धरून ठेवलं. आणि सगळेच ‘मी झुलूच’ म्हणत नाहीत. आमचं राजेपद वेगळं, ते मान्य करा, ही मागणी अमाह्लुबी लोकांनी अलीकडच्या काळातही सरकारी आयोगापुढे नेली होती.

अजिंक्यतारा

इतका वेळ सगळे शाकावरच बोलताहेत, याचं मला वाईट वाटतं. झुलूंचं राज्य मोडलं 1879 मध्ये, आणि मोडणाऱ्या माणसाशी आपला थेट संबंध आहे: सर बार्टल फ्रेअर.

हा 1847 पासून साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे दरबारावर नजर ठेवणारा इंग्रज अधिकारी, होता. 1848 मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे वारले, दत्तक नामंजूर झाला आणि राज्य खालसा झालं. फ्रेअरचं स्वतःचं मत खालसा करण्याविरुद्ध होतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मग कमिशनर होऊन त्यानंच कारभार पाहिला. 1862 ते 1867 तो मुंबईचा गव्हर्नर होता. कोटाच्या भिंती पडल्या त्या त्याच्याच काळात.

हाच माणूस 1877 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा हाय कमिशनर झाला. बोअर (तिथे वसलेले डच वंशाचे गोरे) आणि झुलूंच्या सरहद्दीच्या तंट्यात त्याच्याच बाजूच्या आयोगानं निकाल बहुतांशी झुलूंच्या बाजूनं दिला. तो निकाल त्यानं काही महिने दाबून ठेवला. 11 डिसेंबर 1878 ला तुगेला नदीकाठी एका झाडाखाली त्याच्या अधिकाऱ्यांनी झुलूंच्या सेत्श्वायो राजाच्या माणसांना तो ऐकवला आणि त्याच बैठकीत फ्रेअरचा निर्वाणीचा खलिता हातात ठेवला: अमाबुथो मोडा, रेसिडेंट ठेवून घ्या. मुदत 30 दिवसांची. लंडनला तेव्हा युद्ध नको होतं.

रेसिडेंट ठेवून घेणं म्हणजे काय, हे साताऱ्यात राहिलेल्या फ्रेअरइतकं कुणाला ठाऊक असणार? अमाबुथो मोडणं म्हणजे झुलूंचं लग्न, शेती, गुरं, राजा हे सगळंच उसवून टाकणं. ते मान्य होणार नाही याची त्याला कल्पना होती, असं माझं ठाम मत आहे.

22 जानेवारीला इसान्डल्वानाला इंग्रजांचा दारुण पराभव झाला, तो सगळ्यांना माहीत असतो. 4 जुलैला राजधानी उलुंडी पडली, आणि मग इंग्रज सेनापती वूल्झलीनं राज्याचे 13 तुकडे केले. त्यातला एक जॉन डन या गोऱ्या माणसाला दिला. तिथून भाऊबंदकी पेटली. माझ्या मते झुलूंच्या विनाशावर लिहायचं तर या 13 तुकड्यांवर लिहा.

सह्यकडा

फ्रेअरचा दोष पूर्ण मान्य, साताऱ्याचा धागा मला माहीत नव्हता. तरी ‘तिथून पेटली’ यात सेत्श्वायोची बाजू जरा जास्तच धुऊन निघते. तो स्वतः 1856 मध्ये न्दोंडाकुसुकाला भाऊ म्बुयाझीला आणि त्याच्या हजारो माणसांना मारून पुढे आला होता, बायकापोरांसकट. तिथे ना फ्रेअर होता ना वूल्झली.

डर्बनवासी

गेल्या वर्षी इसान्डल्वानाला गेले होते. गवताळ उतारावर जागोजागी चुन्यानं रंगवलेले दगडांचे ढीग आहेत, लांबूनही पांढरे दिसतात. खाली इंग्रजांच्या बाजूचे मृत आहेत. त्यांचे गोरे शिपाई पलटणवार, नावानिशी नोंदलेले आहेत. झुलूंचे हजाराच्या आसपास किंवा जास्त पडले, एवढंच सांगता येतं. त्यांच्यासाठी स्मारक झालं 1999 मध्ये, म्हणजे 120 वर्षांनी: शूरांना मिळणारी माळ, इसिकू, धातूत घडवलेली. आमच्याबरोबरच्या झुलू वाटाड्यानं तिथे टोपी काढली आणि स्वतःच्या पणजोबांच्या पलटणीचं नाव घेतलं: उव्हे. मग थोडं थांबून म्हणाला, ते कुठे पडले ते ठाऊक नाही, म्हणून मी इथेच उभा राहतो.