'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' हे मुलांना शिकवायचं का?

वाटसरू
आठवी-नववीच्या मुलांना 'जगातील प्रमुख धर्म' हा प्रकल्प हमखास मिळतो. तक्ता ठरलेला: धर्म, संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, चिन्ह. खाली ठळक अक्षरात, 'सर्व धर्म प्रेम आणि शांतीच शिकवतात.' मला तक्ताही पटत नाही आणि खालचं वाक्यही.

तक्त्याचे रकाने ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांना नीट बसतात. हिंदू धर्माच्या ओळीत संस्थापकाचा रकाना रिकामा राहतो. जैनांपुढे मुलं महावीर लिहून मोकळी होतात, पण जैन परंपरेत ते चोविसावे तीर्थंकर आहेत, पहिले ऋषभदेव.

खालचं वाक्य मला जास्त खटकतं. येशूचंच बघा. तो क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, यावर ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल स्पष्ट सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. कुराणातही येशू आहे, ईसा या नावाने. मरियमच्या पोटी बापाशिवाय जन्मलेला, मोठ्या मानाचा पैगंबर. पण तो देवाचा पुत्र नव्हे आणि त्याला क्रुसावर मारलं गेलंच नाही, असं कुराण सांगतं. एकाच माणसाबद्दलची ही दोन विधानं एकमेकांना छेद देतात. दोन्ही बाजूंना ती प्राणापलीकडे प्रिय आहेत. त्यांना 'तुमचं तेच त्यांचं' असं सांगणं म्हणजे दोघांचंही न ऐकणं. फरक फरक म्हणूनच शिकवा.

पारिजातक
साफ असहमत. तेरा वर्षांच्या मुलाला क्रुसावरचा वाद आधी कळायला हवा, की शेजारच्या बाकावरचं मूल आपल्यासारखंच आहे हे?

आणि समान धागा कुणी ओढूनताणून आणलेला नाही. ज्यू आचार्य हिल्लेल म्हणाले, जे तुला नकोसं वाटतं ते दुसऱ्याशी करू नकोस, सगळा तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) यात आला, बाकीचं त्यावरचं भाष्य. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात तेच सांगितलं. स्वतःसाठी जे हवं तेच भावासाठीही हवंसं वाटेपर्यंत कुणी खरा श्रद्धावान होत नाही, अशी मुहम्मद पैगंबरांची हदीस (वचन) आहे. बौद्धांचं धम्मपद म्हणतं, दुसऱ्याला आपल्यासारखाच जाणून मारू नका, मारवू नका. एवढ्या लांबच्या लोकांना एकच गोष्ट सुचली, हे मुलांना सांगायचं नाही?

शिकागोच्या परिषदेत 11 सप्टेंबर 1893 रोजी विवेकानंदांनी शिवमहिम्न स्तोत्रातला श्लोक म्हटला होता: नद्या सरळ वाहोत की वाकड्या, सगळ्या समुद्रालाच मिळतात. आपल्या मातीत हा विचार मुरलेला आहे. तो टाकून काय मिळवायचंय?

निळी पहाट
पारिजातकताई, श्लोक सुंदर आहे, पण ती एका परंपरेची भूमिका आहे. समुद्र एकच आहे, हे त्यात आधीच गृहीत धरलंय. बौद्धांना जग निर्माण करणारा ईश्वर मान्य नाही, कायम टिकणारा आत्माही नाही. जग शाश्वत की अशाश्वत, असं मालुंक्यपुत्त या भिक्षूने विचारलं तेव्हा बुद्धांनी उत्तर दिलं नाही. विषारी बाण लागलेला माणूस 'बाण कुणी मारला, धनुष्य कसलं होतं' हे कळेपर्यंत बाण काढू देत नसेल तर तो मरेल, एवढंच म्हणाले.

आमच्या घरी हा पुस्तकी प्रश्न नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना 22 प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हा खोटा प्रचार आहे, असं त्यातली पाचवी प्रतिज्ञा सांगते. सगळे धर्म सारखेच असते तर आमच्या आजी-आजोबांनी धर्म कशासाठी बदलला? 'सगळं एकच' म्हटलं की तो निर्णयच पुसला जातो.

सागरगोटा
वाटसरूदादा, तुम्ही तक्त्याला नावं ठेवलीत, पण धर्म मोजताय श्रद्धेनेच. 'काय मानता' हा प्रश्न ख्रिस्ती धर्मात मध्यभागी आहे, सगळीकडे नाही. ज्यू परंपरा 613 आज्ञा मोजते, त्यातल्या बहुतेक करण्या-न करण्याच्या. अलिबागकडच्या बेने इस्रायली ज्यूंना लोक 'शनिवार तेली' म्हणत, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद. गावाने त्यांना ओळखलं ते सुट्टीच्या दिवसावरून. नवस फेडायला ते मलिद्याचं ताट मांडतात: गोड पोहे, खोबरं, फळं. स्मरण एलियाहू हन्नाबीचं (एलिया संदेष्ट्याचं), प्रार्थना हिब्रू. हे तुमच्या फरकात टाकाल की समानतेत?

वाटसरू
दोन्हीत, म्हणून तर ते शिकवण्यासारखं आहे. पण आचारातही फरक बुजत नाहीत. सूर्यास्त घ्या. रमजानमध्ये त्या क्षणी रोजा सुटतो, खजूर आणि पाणी पुढे येतं. चोविहार पाळणाऱ्या जैन घरात त्याच क्षणी जेवण संपलेलं असतं, नंतर पाण्याचा घोटही नाही. एकाला अल्लाची आज्ञा पाळायची आहे, दुसऱ्याला अंधारात सूक्ष्म जीव मारले जायला नको आहेत. कारण विचारलं की दोन्ही घरांबद्दल आदर वाढतो. 'दोघंही उपास करतात' एवढ्यावर थांबलं तर मुलाला काहीच कळलं नाही.

पारिजातक
कारण विचारायला हरकत नाही. उत्तर कोण देणार, हा माझा प्रश्न आहे. शिक्षकाच्या मनात अढी असली की 'फरक' शिकवता शिकवता 'त्यांचं असं, आपलं तसं' सुरू होतं, आणि वर्गातलं एकुलतं एक मुसलमान किंवा ख्रिस्ती मूल मान खाली घालून बसतं. ते मूल मी पाहिलंय. 'सगळे प्रेमच शिकवतात' हे वाक्य अपुरं असेल, पण त्याच्या आडोशाला ते मूल सुरक्षित असतं. दहावीपर्यंत समान भाग, फरक अकरावीपासून, यावर मी ठाम आहे.

निळी पहाट
त्या आडोशाला आमची मुलंही बसायची, ताई. दीक्षेबद्दल कुणी विचारलंच नाही, म्हणून तीही गप्प राहिली.

वाटसरू
आणि अकरावीत विज्ञान किंवा वाणिज्य घेतलेल्या मुलाला हा विषय पुन्हा भेटतच नाही. त्याला जे सांगायचं ते दहावीच्या आतच सांगावं लागेल.