रोटाच्या मुठी मोजताना लेक कुठं जाते?

तापीकाठची
नागपंचमीनंतरचा रविवार म्हणजे आमच्याकडे खानदेशात कानबाई देवीचा सण. मी अमळनेर तालुक्यातली, सासरही तिथलंच. यंदा रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू मोजायला सासूबाईंनी मला बसवलं. आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. सासरे, दोन दीर, नवरा, पुतण्या आणि माझा चार महिन्यांचा मुलगा. त्याच्या पोटात अजून वरणाचं पाणीही गेलेलं नाही, पण त्याच्या नावाने सव्वा मूठ सुपात पडली. सुपाला टेकून बसलेली माझी सात वर्षांची लेक विचारते, "मम्मी, माझी मूठ कोणती?" सासूबाई म्हणाल्या, "तुझी तुझ्या सासरी."
आता मी सासरीच आहे की! माझी कुठाय? माहेरी नव्हती, कारण मी परक्याचं धन. इथं नाही, कारण मी बाई. गहू निवडायचे, दळायचे, सोवळ्यात चुलीपुढे उभं राहायचं ते आम्हीच. तुमच्याकडे कसं करतात? आणि हे बदलावं का?

नानाभाऊ शिरपूरकर
ताई, मोजलं म्हणजेच मान, असं का धरता? रोट भाऊबंदकीचा. घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा. लेक लग्न होऊन गेली की तिचं कूळ बदलतं, म्हणून मूठ नाही. आणि चौरंगावर बसते ती कोण? बाईच ना? रात्रीचं जागरण, गाणी, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेणं, सगळ्यात पुढे बायाच. आम्ही फक्त केळीचे खांब बांधतो. प्रत्येक गोष्टीत हक्क काय शोधायचा!

तापीकाठची
कूळ बदलतं हे मान्य. मग बदललेल्या कुळात मूठ का नाही? एवढंच सांगा, भाऊ.

भरीत_भाकर
आमच्या भाऊबंदकीत माणशी मूठ, बाया-पोरी धरून. फक्त लग्न झालेली लेक नाही. आम्ही यावलकडचे. "परंपराच अशी आहे" म्हणणाऱ्यांनी आधी शेजारच्या गल्लीत विचारून यावं.

तिसरा_मजला
माझा प्रश्न वेगळाच आहे. २०२५ मध्ये कानबाई ३ ऑगस्टला, राखी ९ ला. मधे जेमतेम सहा दिवस. चुलते धरून आमच्या ११ जणांच्या मुठी, म्हणजे पावणेचौदा मुठी गहू, आणि सोमवारी दुपारी निम्मी मंडळी आपापल्या नोकरीच्या गावी पसार. उरलो आम्ही तिघं. चहासोबत रोट, डब्यात रोट, रात्री दुधात कुस्करून रोट. बाहेरच्याला देताही येत नाही. मुठी वाढवा म्हणणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत मुक्कामाला थांबावं.

काळा_कोट
महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतकाच हक्क आहे. सातबाऱ्यावर चालते, सुपात चालत नाही?

नानाभाऊ शिरपूरकर
वकीलसाहेब, सातबारा आणि सूप एकत्र करू नका. कागद सरकारचा, रोट देवीचा.

काळा_कोट
बरोबर. म्हणूनच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणीला सांजोऱ्या खाऊ घालतात आणि मग हक्कसोडपत्र पुढे सरकवतात. कागदावर सही घेताना ती त्याच कुळाची असते बरं का.

दोघी_बहिणी
आम्ही दोघी, भाऊ नाही. वडील असताना सुपात एकच सव्वा मूठ पडायची, छोटासा रोट व्हायचा. ते गेले त्या वर्षी केला नाही. पुढच्या श्रावणात चुलते म्हणाले, या घरचा रोट आता बंद, पुरुष माणूस नाही. आई काही बोलली नाही. रविवारी पहाटे न्हाऊन ओल्या केसांनी बसली आणि सुपात सव्वा मूठ टाकली. काकूने विचारलं, "कोणाची व?" आई म्हणाली, "मनी." म्हणजे माझी.

नानाभाऊ शिरपूरकर
आईंना नमस्कार सांगा. पण त्यांचं वेगळं, त्या आता घरच्या कर्त्या.

तापीकाठची
आणि माझा चार महिन्यांचा पोरगा काय कर्ता आहे का, नानाभाऊ?