नवा रेडिएटर बसवल्यापासून खालचे दोन गारच, मदत हवी आहे
मंडळी, लीड्सला राहतो, घरात कॉम्बी बॉयलर आहे (नळाचं गरम पाणी आणि खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरचं पाणी एकाच यंत्रातून). शनिवारी सिस्टीममधलं पाणी काढून हॉलमधला गंजका रेडिएटर स्वतःच बदलला. (प्लंबरचा भाव ऐकूनच घाम फुटतो, हीटिंग लावायची गरज नाही.) पाणी परत भरलं, गार असताना प्रेशर १.३ बार. वरच्या मजल्यावरचे हात भाजेल इतके तापतात, पण खाली हॉलमधला नवा आणि किचनमधला ढिम्म. ब्लीड करायला (रेडिएटरमधली हवा सोडायला) गेलं की हवा नाही, सरळ काळपट पाणी येतं. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचं (खोलीच्या तापमानानुसार उघडझाप करणाऱ्या) डोकं काढून पिन दाबून बघितली, मोकळी आहे. लॉकशील्डही (रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडा आहे. पाइप व्हॉल्व्हपर्यंत कोमट, पुढे काहीच नाही.

वरचे सगळे बंद करून पंपाचा जोर खाली वळवला तर एअरलॉक (पाइपात अडकलेली हवा) सुटेल का? की गाळ अडकलाय? इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) अजून टाकलेलं नाही, परत पाणी काढावं लागणार असेल तर आत्ताच सांगा. घरात तान्हं बाळ आहे, म्हणून घाई.