सायनसच्या ऑपरेशननंतर भावाला एकाचे दोन दिसताहेत, ठाणे-मुंबईत कोणाला दाखवावं?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाचं गेल्या महिन्यात ठाण्यात दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन झालं. नाकात पॉलिप (मऊ मांसल गाठी) होते, वास जवळजवळ गेलाच होता. शुद्धीवर आला तेव्हा उजवा डोळा काळानिळा आणि सुजलेला. सूज उतरली, पण डावीकडे बघितलं की त्याला एकाचे दोन दिसतात, शेजारी-शेजारी. एक डोळा झाकला की नीट दिसतं. उजवं बुबुळ कानाच्या बाजूला सरकलंय, नाकाकडे वळतच नाही. नजर आणि रंगांची ओळख तपासली, ती चांगली आहे. तेवढाच दिलासा.

तो वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करतो. दोन-दोन दिसत असताना त्याला मशीनजवळ जाऊ द्यायची माझी हिंमत नाही, आणि रजा संपत आलीय.

आता खरी अडचण. ऑपरेशन केलेले डॉक्टर म्हणतात, आतली सूज आहे, काही महिने थांबा. तिरळेपणाचे डॉक्टर म्हणाले, थांबू नका, आधी डोळ्याच्या खोबणीचा एमआरआय करा. त्यांनी समजावलं ते असं: सायनस आणि डोळा यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड असतं आणि डोळा नाकाकडे वळवणारा स्नायू त्या हाडाला लागूनच असतो. स्नायूला नुसता मार लागला असेल तर वाट बघता येते. पण तो तुटला असेल किंवा हाडाच्या फटीत अडकला असेल, तर उशीर जितका होईल तितका तो आक्रसतो आणि दुरुस्ती अवघड होते. मला हे पटलंय. एमआरआय याच आठवड्यात करतोय.

कुणाच्या घरी असं झालंय का? ऑपरेशन करावं लागलं की आपोआप सुधारलं? प्रिझमच्या चष्म्याने (दोन प्रतिमा एकत्र आणणाऱ्या काचांच्या) जिने उतरताना, रस्ता ओलांडताना फरक पडला का? जे.जे. किंवा केईएमला दाखवायचं तर नाक-कान-घसा आणि नेत्रविभाग दोन्हीकडचे डॉक्टर एकत्र बघतात का? ठाणे, नवी मुंबईत डोळ्याच्या खोबणीची ऑपरेशनं नेहमी करणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा.

ऑपरेशनच्या नोंदी आणि आधीचा सीटी स्कॅन मागितलाय. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात, पण आम्हाला अजून फक्त डिस्चार्ज कार्ड मिळालंय. लेखी अर्ज नेमका कुणाच्या नावे करायचा, हेही कुणी सांगितलंत तर उद्याच देऊन येईन.