हजारावा अंक वाचून हिरमोड झाला, तुमचंही असं होतं का?

कृष्णाकाठ_सांगली
मंडळी, बॅटमनच्या गोष्टींचं अमेरिकन मासिक डिटेक्टिव्ह कॉमिक्स, त्याचा १००० वा अंक शेवटी हातात आला. २०१९ चा अंक, उशीरच झाला, पण मला छापीलच पाहिजे होता म्हणून मामेभावानं पुण्याहून येताना आणला. रात्री जेवणं आवरल्यावर विश्रामबागच्या घरी गच्चीत वाचत बसलो, ९६ पानं एका बैठकीत संपली आणि सकाळी उठून बघतो तर काय वाचलं तेच धड आठवेना. १९३९ ला २७ व्या अंकात बॅटमन आला, तिथनं ८० वर्षं चाललेली मालिका, मग हजाराव्या अंकात काहीतरी मोठं घडावं ना? इथं दहा-अकरा छोट्या गोष्टी आणि जो तो बॅटमन किती थोर हेच सांगतोय. अमृतमहोत्सवी सत्काराला कसं सगळ्यांची भाषणं होतात आणि सत्कारमूर्ती नुसताच हार घालून बसतो, तसं वाटलं. शेवटची गोष्ट तर पुढच्या अंकांची जाहिरातच.

एकच मनात राहिली. आईवडलांचा जीव घेतलेलं पिस्तूल ब्रूस (म्हणजे बॅटमनच) मिळवतो, वितळवतो आणि त्याचाच पत्रा छातीवरच्या वटवाघळामागं बसवतो. काटा आला अंगावर. सगळा अंक असा का नाही?

कंदी_पेढा
भावा, चालू कथानक कुठल्या आकड्यावर आलंय ते बघून हे अंक निघत नाहीत, जुन्या-नव्या सगळ्या लेखक-चित्रकारांना चार-चार पानं द्यायची असतात, आणि दशकाप्रमाणं वेगवेगळी मुखपृष्ठं काढली की संग्रह करणारे तीच घेतात. ॲक्शन कॉमिक्स १००० (एप्रिल २०१८) पण तसाच. तरी त्यातली गाडीची गोष्ट वाच. १९३८ च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर सुपरमॅन हिरवी गाडी उचलून आपटतो ना, त्या गाडीवाल्याचं पुढं काय झालं ते आहे. सुपरमॅन त्याला मारायला येत नाही, बोलायला येतो. लिहिणाऱ्या दोघांतला एक रिचर्ड डोनर, १९७८ च्या सुपरमॅन पिक्चरचा दिग्दर्शक.

जाळंवाला_मिरज
सलग गोष्ट असली म्हणजे जमतंच असं पण नाही. अमेझिंग स्पायडरमॅन ८०० मध्ये ८० पानं एकच कथा, रेड गॉब्लिन हा खलनायक, स्पायडरमॅनचा मित्र फ्लॅश थॉम्पसन मरतो, सगळं आहे, पण नुसती पळापळ, दम लागतो वाचताना. खरा अंक ८०१! दहा वर्षं लिहून डॅन स्लॉट निरोप घेतोय आणि गोष्ट कुणाची, तर स्पायडीनं कधीकाळी वाचवलेल्या एका साध्या माणसाची. तो वाचला म्हणून पुढं त्याचं आयुष्य झालं, घरदार झालं, एवढंच. मी रडलो. आणि लगेच पुढच्या महिन्यात आकडा परत १, याचा मात्र लय राग आला.

वेताळभक्त_सातारा
बाळांनो, तुम्हाला निरोपाचा अंक तरी मिळाला. आमचं इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ ला वेताळच्या (म्हणजे फँटमच्या) पट्ट्याच्या गोष्टीनं सुरू झालं, आठशेच्या घरात अंक निघाले आणि १९९० ला बंद पडलं. बंद झालं हे मला कुणी सांगितलंच नाही. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला कितीतरी आठवडे हेलपाटे घातले, दादा, नवा आला का? तो मान हलवायचा. फसलेला का होईना, हजारावा अंक मला चालला असता.

कृष्णाकाठ_सांगली
काका, तुमचं वाचून गप्पच झालो. जाळंवाले, ८०१ आहे का तुमच्याकडं? रविवारी मिरजेत येतो, वाचून तिथंच परत देतो.